समुद्रतळाचा सातबारा

सोलापुरात समुद्राचा विषय निघायचं तसं काही कारण नाही. आमच्या ताटात मासा येतो तो बहुतेक उजनीच्या जलाशयातला. नळाला पाणी येतं तेही उजनीचंच, आणि वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड. तरीही सात रस्त्याच्या मोटार वाइंडिंगच्या एका दुकानात परवा सबंध दुपार समुद्राच्या तळावरून वाद झाला. एका बाजूला दुकानाचे मालक, ज्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणते. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, गोव्यात सागरविज्ञानाचं एम.एस्सी. करून सुट्टीवर आलेली. माझी घरची मोटार जळून त्यांच्या टेबलावर उघडी पडलेली होती, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती.

निमित्त व्हॉट्सअ‍ॅपचं. हिंदी महासागराच्या तळाशी भारताचा खजिना सापडलाय, त्यातला दहा टक्के काढला तरी देशाची शंभर वर्षांची ऊर्जेची गरज भागेल, अशा अर्थाचा मजकूर. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "काय गं, शंभर वर्षं लाईट फुकट का आता?"

"गोट्यात लाईट नसते मामा. धातू असतो. हे कोणीतरी कुठलं तरी वाक्य अर्धवट उचलून फिरवलंय."

"मग खजिना तरी आहे का नाही?"

"आहे. पण तुम्हाला वाटतो तसा पेटीत भरलेला नाही."

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. समुद्राच्या पृष्ठभागापासून चार ते सहा हजार मीटर खाली मऊ चिखलाची सपाट मैदानं आहेत. त्यांवर काळे गोटे विखुरलेले असतात, मुठीत मावतील एवढे. गोट्याच्या पोटात बहुधा शार्कचा दात नाहीतर दगडाची कपची असते आणि तिच्याभोवती मँगनीज, लोखंड, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे थर बसत जातात. बसण्याचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजानं १८७२ ते १८७६ या सफरीत ते पहिल्यांदा वर काढले. आपल्याकडे २६ जानेवारी १९८१ रोजी दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं हिंदी महासागरातून पहिला गोटा उचलला. त्या जोरावर १९८७ मध्ये भारत या कामासाठी नोंदणी झालेला जगातला पहिला देश ठरला. २००२ मध्ये जमैकातल्या किंग्स्टन इथल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला आणि विषुववृत्तापलीकडचं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधासाठी आपल्या वाट्याला आलं.

"पंचाहत्तर हजार," अण्णा म्हणाले. "आपला जिल्हा पंधरा हजाराला थोडा कमी. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, असे पाच सोलापूर."

हे गणित त्यांनी तोंडी केलं. पुढचं मात्र कॅल्क्युलेटरवर.

"तांबं किती आहे त्यात?" हा प्रश्न त्यांचाच असणार होता. वाइंडिंगवाल्याला जगात दुसरा धातू नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तांबं किलोला चारशेच्या खाली आलं होतं, त्यानंतर ते दुपटीच्या वर गेलं, आणि त्या दुपटीचं भांडण रोज त्यांच्या काउंटरवर होतं. मोहोळचा नाहीतर मंगळवेढ्याचा शेतकरी बोअरमधून जळकी सबमर्सिबल उपसून आणतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, व्होल्टेज पडलेलं असतं, मोटार कोरडी चालते आणि जळते. गिऱ्हाईकाला वाटतं मजुरी वाढवली; वाढलेला असतो तारेचा भाव.

भाचीनं आकडे सांगितले. या सबंध क्षेत्रात ३८ कोटी टन गोटे असावेत असा सरकारी अंदाज आहे. त्यात ४७ लाख टन निकेल, ४३ लाख टनांच्या आत तांबं, साडेपाच लाख टन कोबाल्ट आणि सव्वानऊ कोटी टनांवर मँगनीज.

"आणि आपल्या देशाला वर्षाला तांबं लागतं किती?"

"हल्ली सतरा-अठरा लाख टन."

अण्णांनी भागाकार केला, कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. "अडीच वर्षं सर! चाळीस वर्षांपास्नं शोध, पाच किलोमीटर खोल, पाच सोलापूर एवढा मुलूख, आणि शेवटचा गोटा वर आणला तरी तांबं अडीच वर्षांचं. त्यापेक्षा हे बघा."

त्यांनी बोट दाखवलं तिथं त्यांचा कारागीर माझ्याच मोटारीशी झटत होता. छन्नीनं एका बाजूची गुंडाळी छाटलेली, दुसऱ्या बाजूनं पकडीत धरून स्लॉटमधून जळक्या तारांचे झुबके ओढून काढणं चालू. काळे, व्हार्निशच्या वासाचे. ते झुबके थेट तराजूत गेले. किती ग्रॅम निघालं ते वहीत लिहिलं गेलं, कारण तेवढ्याचे पैसे माझ्या बिलातून वजा होणार. मग स्लॉटमध्ये नवा कागद, नव्या तारेचे वेढे, दोरीनं बांधणी, पुन्हा व्हार्निश. "हे जुनं तांबं भंगारात जाईल, भट्टीत जाईल, तार होऊन परत माझ्याकडं येईल. माझ्या वडलांनी गुंडाळलेलं तांबं आज कोणाच्या तरी पंख्यात फिरत असेल. तांबं मरत नाही पोरी. खाली कशाला जायचं म्हणतो मी."

मला हा मुद्दा पटला होता, आणि जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी जवळपास तिसरा हिस्सा भंगारातून येतो हेही मी वाचलेलं होतं. भाचीला पटला नाही.

"जुनं तांबं जुन्या गिऱ्हाइकांपुरतं पुरतं मामा. ज्याच्या घरात आज पंखाच नाही त्याला पंखा द्यायचा तर तांबं नवंच लागणार. शिवाय ते पंख्यात अडकलंय वीस वर्षं, सौरऊर्जेच्या तारेत अडकलंय तीस वर्षं. भंगारात येईल तेव्हा येईल. आणि खरं सांगू? तांब्यासाठी तिथं कोणी जातच नाहीये. तुम्ही तुमचा धातू धरून बसलात. जग भांडतंय निकेल आणि कोबाल्टसाठी."

मग तिनं कोबाल्टचं सांगितलं. जगातलं सत्तर टक्क्यांवर कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतं. कोल्वेझीच्या परिसरात लोक हातानं भुयारं खणतात, पोरंसुद्धा. ते शुद्ध होतं बहुतांश चीनमध्ये. निकेलचा निम्म्याहून जास्त पुरवठा इंडोनेशियाचा. सुलावेसी बेटावर जंगल तोडून लाल माती उपसतात आणि ती भाजायला कोळशाची वीज वापरतात. भारताच्या हातात यातलं जवळजवळ काही नाही. सगळं बाहेरून. "मोबाइल, लॅपटॉप, कितीतरी विजेच्या गाड्या, या सगळ्यांच्या बॅटरीत ते काँगोचं कोबाल्ट आहे. तुम्ही वापरताच की. मग कोणाचा तरी डोंगर, कोणाचं तरी गाव उकरलं जाण्यापेक्षा जिथं एकही माणूस राहत नाही तिथून आणलं तर काय बिघडलं? समुद्राच्या तळाशी गाव नाही, पुनर्वसन नाही, धरणग्रस्त नाहीत."

"म्हणजे ओरडायलाही कोणी नाही," अण्णा म्हणाले.

या एका वाक्यापाशी ती पहिल्यांदा थांबली. मलाही वाटतं, सगळ्या विषयाची अडचण तिथंच आहे. खाणीविरुद्ध माणूस उभा राहतो तेव्हा निदान तो दिसतो. केरळमध्ये कोल्लमच्या किनाऱ्यासमोरची वाळू लिलावात काढल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत मच्छीमार रस्त्यावर उतरले, विधानसभेनं ठराव केला, दिल्लीला ऐकावं तरी लागलं. पाच हजार मीटर खाली मोर्चा निघत नाही. तिथं राहणाऱ्यांची नावंसुद्धा ठेवायची राहिलीत. हवाई आणि मेक्सिकोच्या मधे गोट्यांचा सगळ्यात मोठा पट्टा आहे. तिथं पाच हजारांवर जीवजाती असाव्यात आणि त्यातल्या दहापैकी नऊ विज्ञानाला अजून अनोळखी आहेत, असा २०२३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. गोटा स्वतःच कित्येकांचं घर. चिखलाच्या मैदानात चिकटायला कठीण जागा तेवढीच.

"उकरतात कसं म्हणायचं ते?" अण्णांना यंत्रात रस होता.

"उकरायला फार लागत नाही. गोटे वरच पडलेले असतात. पट्ट्यांवर चालणारं यंत्र खाली सोडायचं, ते गोटे आणि वरचा थोडा चिखल ओढून घेतं, आणि पाइपातून जहाजावर पाठवायचं. आपलं 'वराह' नावाचं यंत्र चेन्नईच्या संस्थेनं २०२१ च्या एप्रिलमध्ये ५,२७० मीटरवर चालवून दाखवलंय." हे सांगताना तिच्या आवाजात जो अभिमान होता तो मला गैर वाटला नाही. तिथं पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पाचशेपट असतो. सबमर्सिबल मोटारीत पाणी शिरू नये म्हणून सील बसवताना घाम गाळणाऱ्या अण्णांनाही तो कळला, त्यांनी "पाचशे?" असं परत विचारलं.

"आणि तो ढवळलेला चिखल?"

"तो प्रश्न आहे. काही चिखल खालीच उडतो, काही जहाजावरून परत सोडायचा असतो. दोनापावलच्या संस्थेनं १९९७ मध्ये मुद्दाम हाच प्रयोग केला. महासागराच्या तळावरचा एक पट्टा ढवळला, आणि मग पुढची वर्षं परत जाऊन बघितलं. काही जीव परतले, पण तळ आधीसारखा लगेच झाला नाही. पॅसिफिकमध्ये १९७९ साली एका यंत्रानं असाच तळ ओरबाडला होता. २०२३ मध्ये शास्त्रज्ञ परत गेले. चव्वेचाळीस वर्षांनी यंत्राच्या खुणा अजून स्पष्ट. छोटे जीव थोडे परतलेत, मोठे, चिकटून राहणारे फारसे नाहीत. गोटा तर परत यायला लाखो वर्षं."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला पाऊस तिकडूनच येतो ना? समुद्र ढवळून ठेवला तर आधीच रडतखडत येणारा आमचा पाऊस..."

"नाही मामा. मोसमी वारे वरचं पाणी उचलतात. पाच किलोमीटर खालचा चिखल हलला म्हणून सोलापूरचा पाऊस चुकत नाही. असं कोणी सांगितलं तर त्याला सरळ नाही म्हणा."

हे तिनं बरं केलं. या खाणींना विरोध करणारे पुष्कळदा भीतीचं माप वाढवून देतात, आणि एकदा ते खोटं पडलं की खरी भीतीही कोणी ऐकत नाही. सोलापूरच्या आभाळाशी या गोट्यांचा संबंध नाही. संबंध आहे तो दोन गोष्टींशी: डबा आणि सातबारा.

डब्याचं आधी. अण्णांचा जेवणाचा डबा काउंटरखाली होता. भाचीनं तो उचलून टेबलावर ठेवला. "बॅटरी बॅटरी सगळे करतात, पण जगातलं बरंचसं निकेल अजून जातं ते स्टेनलेस स्टीलमध्ये. निकेल महागलं की भांडी महागतात. म्हणून आपल्याकडं स्वस्त भांड्यांच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवतात. तुमच्या डब्यातही बहुधा तेच असेल."

"आणि मँगनीज तर आपल्याच महाराष्ट्रात आहे की!" अण्णांना जणू हुकमाचं पान मिळालं. "नागपूरची ती मॉइल कंपनी. आमच्या पाहुण्यांतला एकजण तिथं होता."

"आहे. भंडाऱ्याकडं डोंगरी बुजुर्ग, चिखला. नागपूरजवळ मनसर, कांद्री. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज सेलमध्ये वापरतात."

"मग त्या गोट्यात पाव हिस्सा मँगनीजच आहे म्हणालीस. म्हणजे पाच किलोमीटर खालनं वर काय आणायचं, तर भंडाऱ्यातलीच वस्तू."

"पुरत नाही मामा, म्हणून आपण मँगनीजसुद्धा बाहेरून आणतो. पण बरोबर आहे, मँगनीजसाठी इतक्या खाली कोणी जाणार नाही."

आणि मग तिनं स्वतःच आपल्या बाजूला भोक पाडलं. गेल्या काही वर्षांत लोखंड आणि फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या. त्यांत निकेलही नाही, कोबाल्टही नाही. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत त्यांचा वाटा निम्म्याजवळ पोचला होता. बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल यांनी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की परिणाम नीट कळेपर्यंत समुद्रतळाचा धातू आम्ही वापरणार नाही. दहा वर्षांपूर्वी कोबाल्टशिवाय विजेची गाडी अशक्य म्हणणारे आज गप्प आहेत. "खाण उभी राहायला पंधरा वर्षं लागतात आणि बॅटरी पाच वर्षांत बदलते," ती म्हणाली. "हे खरं आहे. पण तेवढ्यावरून खातंच सोडून द्यायचं म्हणाल तर मी ऐकणार नाही."

"कुठलं खातं?"

इथं वाद तळावरून कागदावर आला, आणि मला वाटतं सामान्य माणसाचं काम खरं इथंच सुरू होतं.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांत माल्टा या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी एक मोठं भाषण केलं. त्यांचं म्हणणं, देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ कोणा एकाचा नाही, तो सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे. नाहीतर ज्याच्याकडं यंत्र आहे तो बळकावेल. १९८२ च्या समुद्र कायद्यात ते तत्त्व आलं, १९९४ मध्ये कायदा लागू झाला, १९९५ मध्ये भारतानं तो स्वीकारला. त्यातून मिळणारा लाभ सगळ्यांचा, आणि गरीब देशांचा विचार आधी, असं त्यात लिहिलंय. अण्णांना हे समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण मंगळवेढ्याला त्यांची नऊ हिस्सेदारांची सामायिक जमीन आहे.

"म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं," ते म्हणाले. "माझंपण."

"तुमचंपण."

"आणि वाटप?"

"झालेलं नाही."

"मग कसलं घेऊन बसलात! सामायिकातलं दुखणं मला विचारा. बांधावरचं लिंबाचं झाड तोडायचं तर नऊ जणांच्या सह्या. कलम पंच्याऐंशीखाली तहसीलदाराकडं वाटपाला अर्ज केलाय, सरस-निरस करता करता एक चुलता वारला. आणि तेवढ्यात ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे तो म्हणतो, मी तोवर कसून घेतो."

अगदी तसंच चाललंय, म्हणून भाचीनं पुढचं सांगितलं. खोदकामाचे नियम, त्यावरची रॉयल्टी, ती कोणाला किती, यावर किंग्स्टनमध्ये वर्षानुवर्षं खल चाललाय. २०२१ मध्ये प्रशांत महासागरातल्या नाऊरू या देशानं नोटीस दिली की दोन वर्षांत नियम करा. नाऊरूची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. आपल्या महापालिकेच्या एका प्रभागात याहून जास्त लोक राहतात. त्या देशाच्या पाठीशी एक कॅनडाची कंपनी उभी होती. दोन वर्षं उलटली, नियम झाले नाहीत. मग २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला आणि त्याच कंपनीच्या अमेरिकी शाखेनं थेट अमेरिकेकडं परवाना मागितला, १९८० च्या अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याखाली. अमेरिकेनं समुद्र कायदा कधी स्वीकारलाच नाही.

"म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही आणि नांगर घालणार."

"हो. आणि म्हणूनच मी म्हणते मामा, आपण तिथं असलं पाहिजे. आपल्याकडं यंत्र असलं पाहिजे, जहाज असलं पाहिजे, किंग्स्टनच्या खोलीत बसणारा माणूस असला पाहिजे. खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये केंद्रानं ४,०७७ कोटी मंजूर केले तेव्हा लोक म्हणाले पैसा पाण्यात. पण ज्याला तळ बघताच येत नाही त्याचं बोलणं तिथं कोण ऐकणार? सगळ्यात जास्त करार चीनकडं आहेत. आपणही २०२५ च्या सप्टेंबरात कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसाठी नवा करार केला. ताबा नाही ठेवला तर कागदावरच्या नावाला काय किंमत?"

अण्णा इथं निरुत्तर होतील असं मला वाटलं होतं. ताबा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात फार वजनाचा. पण त्यांनी सातबाऱ्याचा दुसरा रकाना काढला.

"इतर हक्कात बोजा कोणाचा?"

प्रश्न इतका नेमका होता की भाची हसली. समुद्रात कंपनीनं नुकसान केलं तर तिला पुढं करणाऱ्या देशाची जबाबदारी किती, यावर हॅम्बुर्गच्या समुद्र न्यायाधिकरणानं २०११ मध्ये मत दिलंय. देशानं आपले कायदे करून, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं असेल तर तो सुटतो, नाहीतर अडकतो. आपल्या बाबतीत मधे कंपनीसुद्धा नाही. करार भारत सरकारच्याच नावावर आहे. बोजा चढला तर तो तुमच्याआमच्या करावर.

हा बोजा कसा असतो ते पापुआ न्यू गिनीच्या लोकांना विचारावं. त्यांच्या सरकारनं नॉटिलस नावाच्या कंपनीच्या समुद्री खाणीत भागीदारी घेतली. कंपनी २०१९ मध्ये बुडाली, खाण कधी सुरूच झाली नाही, आणि सरकारचे सुमारे १२ कोटी डॉलर गेले. ज्या देशात दवाखान्यांना औषधं पुरत नाहीत तिथले ते पैसे. समुद्राचं काय झालं असतं हा प्रश्न उद्भवलाच नाही. त्याआधीच सामान्य माणसाचं नुकसान होऊन गेलं.

"आणि गोव्यात तू काय बघितलंस?" अण्णांनी विचारलं. तिथं मला वाटतं त्यांनी भाचीला बरोबर पकडलं.

तिनं डिचोली, साखळीचं सांगितलं. लाल धूळ बसलेली झाडं, डोंगराएवढे मातीचे ढीग, पावसाळ्यात शेतात उतरणारा गाळ. २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर तिथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं काही अटींवर त्या उघडल्या, पण सोबत एक नवं सांगितलं: खनिजविक्रीतला दहा टक्के हिस्सा कायम निधीत ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज म्हणजे उत्पन्न नव्हे, वडिलार्जित मालमत्ता आहे, ती विकली तर मुद्दल जपायला हवं, हा युक्तिवाद गोव्यातल्या कार्यकर्त्यांनी लावून धरला होता. "पण ते झालं ना, ते खाणी कित्येक दशकं चालून झाल्यावर," ती म्हणाली. "मलई गेल्यावर निधी आला."

"मग हेच म्हणतोय की मी. वाटप आधी, नांगर नंतर."

"आणि वाटप होईपर्यंत अमेरिका आणि चीन थांबतील?"

"नसतील थांबत. माझा चुलतभाऊही थांबत नाही. म्हणून मी पण जाऊन बांध फोडू का?"

यावर तिच्याकडं उत्तर होतं, आणि ते मला अण्णांच्या उत्तरापेक्षा जड वाटलं. बांध फोडू नका, पण मोजणीला हजर राहा, ती म्हणाली. तळावर काय राहतं, चिखल किती लांब जातो, यंत्र किती नासधूस करतं, याची मोजणी खाणवाल्या कंपनीच्या शास्त्रज्ञांवर सोडली तर नकाशा त्यांच्या सोयीचा निघेल. १९९७ चा तो प्रयोग सरकारी पैशातून झाला म्हणूनच आज विरोध करणाऱ्यांच्या हातात आकडे आहेत.

मी अण्णांच्या बाजूचा होतो आणि बराचसा अजून आहे. अडीच वर्षांच्या तांब्यासाठी लाखो वर्षांचा तळ खरवडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि बॅटऱ्या ज्या वेगानं बदलतायत ते बघता कोबाल्टची घाई कंपन्यांच्या भागधारकांना आहे, सात रस्त्याच्या गिऱ्हाइकाला नाही. पण 'आम्हाला काय करायचंय समुद्राचं' हे आमचं खास सोलापुरी वाक्य या मुलीनं माझ्यापुरतं बंद केलं. फ्रान्स, जर्मनी, ब्राझील, चिली धरून चाळीसच्या आसपास देश म्हणतात की तूर्त थांबा. भारत त्यांत नाही. तो का नाही, यावर आपल्या वर्तमानपत्रांत वाद झालेला मी तरी वाचला नाही. चांद्रयानावर झाला, बुलेट ट्रेनवर झाला.

"किती मुदतीचा आहे तो करार?" अण्णांनी विचारलं. कारागीर माझ्या मोटारीवर शेवटची दोरी आवळत होता.

"पंधरा वर्षांचा होता, २००२ ते २०१७. मग पाच वर्षं वाढवून घेतला, परत पाच. मार्च २०२७ मध्ये संपतो."

"मग पुढं?"

"पुन्हा मुदत मागायची, नाहीतर खोदायची परवानगी मागायची, नाहीतर सोडून द्यायचं."

"हे ठरवणार कोण?"

"पृथ्वी विज्ञान मंत्रालय. मंत्रिमंडळ."

"आपल्या खासदाराला कोणी विचारलंय का यातलं?"

"तुम्हीच विचारा की."

अण्णांनी बिलबुकातला एक कागद टरकन फाडला, उलटा केला आणि तिच्यापुढं सरकवला. "लिही. पहिला प्रश्न, नुकसान झालं तर भरणार कोण. दुसरा, रॉयल्टी आली तर ती जाणार कुठं. आकडे टाक त्यात, नुसतं पर्यावरण पर्यावरण लिहू नको, वाचत नाहीत. आणि ते चाळीस देश थांबा म्हणतायत तर आपण का नाही, हे तिसरं."

"मला थांबा म्हणायचं नाहीये मामा. मोजणी चालू ठेवा म्हणायचंय."

"मग चौथा तुझा लिही. सही दोघांची करू."